जुना तांदूळ, नवा तांदूळ

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले की आपण त्याची चव पाहतो, घडण पाहतो, फार तर शेजारघरच्या ताटाशी मनातल्या मनात तुलना करतो. त्या ताटाचा इतिहास पाहण्याची आपल्याला सवय नाही. इतिहास म्हटला की गड, तह, लढाया आणि सनावळ्या. पण फराळाच्या ताटातही इतिहास थोडाथोडका नाही. चिवड्यातली मिरची आणि शेंगदाणा हे दोघेही समुद्रापलीकडचे पाहुणे. पोर्तुगीजांच्या गलबतांनी जगभर जी नवी पिके फिरली, त्यांतून ते आपल्याकडे आले आणि घरचेच होऊन बसले. लाडू त्यांच्याहून पुष्कळ जुना. आणि या सगळ्यांत मला बोलका वाटतो तो अनारसा. बाकीचे पदार्थ कढईत जन्माला येतात. अनारसा मात्र त्याच्या दहाबारा दिवस आधी पाण्याच्या पातेल्यात जन्मतो, आणि त्याची जन्मकथा मुळात एका अटीपासून सुरू होते. अनारशाला जुना तांदूळ लागतो. नवा चालत नाही.

ज्यांनी अनारसे केले आहेत त्यांना हे सांगायला नको. पण ज्यांनी नुसतेच खाल्ले आहेत, आणि त्यांत आम्हां लिहिणाऱ्या-शिकवणाऱ्यांचा भरणा मोठा असतो, त्यांच्यासाठी कृती थोडक्यात सांगते. वर्षभराचा जुना, जाडा तांदूळ धुऊन तीन दिवस भिजत घालायचा. रोज पाणी बदलायचे. चौथ्या दिवशी उपसून सावलीत, सुती कापडावर पसरायचा. पुरता वाळू द्यायचा नाही. हाताला दमटपणा लागत असतानाच कुटायचा आणि बारीक चाळणीने चाळायचा. मग त्या पिठाच्या वजनाइतका किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून मळायचे, गोळे करून डब्यात दडपून ठेवायचे. पाचसहा दिवसांनी पीठ मुरते. त्याची पुरी खसखशीवर थापायची आणि खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तुपात सोडायची. उलटायची नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचे. जमला तर जाळी पडते. गूळ जास्त झाला, आच चुकली, तर पुरी तुपात पसरते आणि विरघळून जाते. याला आपल्या बायका ‘अनारसा हसला’ म्हणतात. पदार्थ बिघडला याला ‘हसला’ म्हणणारी भाषा किती समंजस आहे पहा!

आता जुना तांदूळच का? नव्या तांदळाला चिकटपणा असतो. शिजवला तर त्याचा गिच्च भात होतो, दळला तर पीठ लगदा धरते. वर्षभर कणगीत राहिलेला दाणा आतून कोरडा आणि घट्ट झालेला असतो. तो तीन दिवसांचे पाणी सोसतो, किंचित आंबतो आणि मऊ होतो, पण मोडत नाही. पुढे गुळाने सुटलेला ओलावा तो बरोबर तेवढाच पितो. हे सारे शास्त्र कोणा बाईने, कोणत्या गावी, किती अनारसे हसल्यावर शोधून काढले, याची नोंद कोठेही नाही. ते शोधले गेले एवढे मात्र खरे, आणि एकाच प्रांतात राहिले नाही. बिहारात गयेचा अनरसा प्रसिद्ध आहे. ओरिसात त्याला ‘आरिसा पिठा’ म्हणतात, आंध्रात संक्रांतीला ‘अरिसेलु’ करतात, तामिळनाडूत दिवाळीला ‘अधिरसम्’. तिरुपतीच्या देवळातल्या विजयनगरकालीन शिलालेखांत देवाच्या नैवेद्याच्या यादीत ‘अतिरस’ आहे. नावे थोडीथोडी बदलली, पण ओलसर कुटलेले तांदूळ आणि गूळ हे कूळ तेच. आमच्याकडे अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देतात, तेही याच कुळाच्या मानाचे.

ठाणे, कल्याण आणि त्यांच्यामधली डोंबिवली या टापूत हा पदार्थ रुजावा हे स्वाभाविकच होते. हा मुलूख मुळी भाताचा. शिलाहारांच्या काळी ठाणे म्हणजे श्रीस्थानक, राजधानीचे नगर. आणि कल्याण त्याच्याही आधीचे बंदर, इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या माहितीपुस्तकात ज्याचा उल्लेख आहे. येथे एक खुलासा करायला हवा. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ हा जो ग्रंथ रचला, त्यात रक्तशाली, महाशाली, गंधशाली, साठ दिवसांत पिकणारा षष्टिक अशा भाताच्या जाती सांगितल्या आहेत, मांडे आणि पुरिका सांगितल्या आहेत. पुष्कळांना वाटते की त्या राजाचे कल्याण म्हणजे हेच. ते नव्हे. ते कर्नाटकातले, बीदरकडचे बसवकल्याण. आमच्या कल्याणाने ग्रंथ लिहिला नाही. त्याने तांदूळ सडला. १८५३ साली आगगाडी ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी कल्याणला पोहोचली, आणि उल्हास नदीच्या खोऱ्यातले भात मुंबईच्या पोटाकडे आणखी वेगाने धावू लागले. १८८२ साली छापलेल्या सरकारी गॅझेटियरात कल्याणच्या मुख्य धंद्यांत भात सडण्याचा धंदा आहे.

शेतकऱ्याच्या बोलीत भाताच्या दोन जाती: हळवे आणि गरवे. हळवे लवकर तयार होते, दसऱ्याच्या आगेमागे कापणीला येते. गरवे दिवाळी उलटल्यावर. म्हणजे दिवाळीच्या दिवसांत या मुलखात चहूकडे जर कोणता तांदूळ असेल तर तो नवा. खळ्यावर नवा, सुपात नवा, भाताच्या वाफेला वासही नव्याचा. आणि आपल्या सणाच्या मानाच्या पदार्थाची अट काय, तर जुना!

या अटीकडे मी बरीच वर्षे केवळ पाककृतीची अट म्हणून पाहत होते. ती इतिहासाची अटही आहे, हे पुढे लक्षात आले. ज्याच्या घरी दिवाळीला गेल्या सालचा तांदूळ शिल्लक आहे, त्याचे वर्ष चांगले गेले असले पाहिजे. आषाढ-श्रावणात त्याची कणगी रिकामी झाली नाही, सावकाराच्या ओट्यावर त्याला बसावे लागले नाही. कूळ म्हणून दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याची गोष्ट निराळी. कापणी झाली की खंडाचे भात मालकाच्या घरी जाई. उरलेले होळीपर्यंत पुरले तर नशीब. मग नाचणी, वरई, रानातले कंद. पावसाळ्यात लावणीच्या ऐन कष्टाच्या दिवसांत घरात दाणा नसे, तेव्हा खावटी काढायची आणि सुगीला ती सवाईने किंवा दिडीने फेडायची. मण नेला तर सव्वा मण नाहीतर दीड मण परत. भात पिकवणारा तो, आणि जुना तांदूळ ज्याच्या घरी उरे तो दुसराच. अनारसा त्या दुसऱ्याच्या घरी तळला जाई.

आणि तो तांदूळ कुटीत कोण असे? माझ्या आजीचे माहेर मुरबाडकडचे. ती सांगे, दिवाळीआधी त्यांच्या पडवीत दोन कांडपिणी येत. उखळ एक, मुसळे दोन. एकीचे मुसळ वर असताना दुसरीचे खाली. तासन्‌तास चुकायचे नाही. अनारशाचे ओले तांदूळ कुटायचे काम तर फार जपून करावे लागे, कारण ओले पीठ उखळाला बसते. संध्याकाळी मजुरी म्हणून कण्या मिळत, कोंडा मिळे, कधी वाटीभर पीठ. “आणि अनारसे?” असे मी एकदा विचारले होते. आजी जरा थांबून म्हणाली, “भाऊबिजेनंतर उरले तर देत असू गं.” तिच्या बोलण्यात कठोरपणा नव्हता, रीत होती, ती तिने सांगितली. पण ते ‘उरले तर’ माझ्या कानांतून गेलेले नाही. भात सडण्याच्या गिरण्या आल्या तसे हे कांडपही गेले. गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाने १९३४ पासून हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार केला. हातकांडपाला संरक्षण मिळावे म्हणून १९५८ साली गिरण्यांवर नियंत्रणाचा कायदाही झाला. तरी मुसळ परत आले नाही. कोणत्या कांडपिणीने ते परत मागितले असते, असेही मला वाटत नाही.

मग जिच्या घरी जुना तांदूळ नसे, तिने दिवाळीला काय केले? या प्रश्नाचे उत्तर मला एका वहीत सापडले. शाळेत दरवर्षी सहामाहीनंतर आम्ही मुलांना ‘आमची दिवाळी’ हा निबंध घालतो. पन्नास वह्यांत पन्नास आकाशकंदील असतात आणि चकल्या-करंज्यांची तीच यादी. एका वर्षी शहापूर तालुक्यातून कल्याणला शिकायला आलेल्या एका मुलीने लिहिले होते की आमची दिवाळी वाघबारशीला सुरू होते. आई तवशाचा कीस काढते, त्यात नव्या तांदळाचे पीठ कालवते आणि पानात बांधून वाफवते. त्याबरोबर चवळीच्या शेंगा, करांदे आणि कोनफळ उकडतात. आधी देवाला, मग गुरांना, मग आम्हाला. यादीत चकली नव्हती. मी ती वही बाजूला काढून दोनदा वाचली.

सांगण्यासारखे एवढेच की तिच्या आईच्या पदार्थाची अट अनारशाच्या नेमकी उलट आहे. त्याला नवाच तांदूळ हवा. नव्याचा जो चिकटपणा अनारशाला मारतो, तोच पानातल्या पिठाला धरून ठेवतो. ठाण्याच्या डोंगरपट्ट्यातले वारली, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी यांची दिवाळी ही नव्या धान्याची दिवाळी आहे. वारली तर धान्यालाच कणसरी नावाची देवी मानतात. नवे आले, ते आधी देवीला दाखवावे आणि मग तोंडात घालावे. एकाच जिल्ह्यात, एकाच आठवड्यात, तांदळाचे दोन सण: खाली खाडीकाठच्या वाड्यांत जुन्या तांदळाचा, वर डोंगरात नव्याचा. एक शिल्लक साजरी करतो, दुसरा आगमन.

पानात बांधलेल्या नव्या तांदळाचे हे सोयरपण पूर्वेकडे फार लांबवर गेलेले आहे. व्हिएतनामात चांद्र नववर्षाला, तेत सणाला, घरोघर ‘बान् चुंग’ करतात. चिकट तांदूळ, मध्ये मुगाच्या डाळीचा आणि डुकराच्या मांसाचा थर, भोवती रुंद हिरवी पाने, त्यांवर बांबूच्या बंधांची चौकोनी बांधणी. आणि मग दहाबारा तास मोठ्या हंड्यात उकडणे. सारे घर रात्रभर त्या हंड्याभोवती जागते. त्यांची कथा अशी की हुंग वंशाच्या एका राजाने मुलांना सांगितले, पितरांपुढे ठेवायला जो सर्वोत्तम पदार्थ आणील त्याला राज्य. बाकीचे राजपुत्र समुद्रात आणि रानात दुर्मिळ चिजा शोधायला गेले. लांग ल्येऊ नावाचा एक गरीब राजपुत्र होता. त्याच्यापाशी तांदळाशिवाय काही नव्हते. स्वप्नात देवाने त्याला सांगितले, तांदळाहून मोलाचे जगात काय आहे? त्याने पृथ्वीसारखी चौकोनी आणि आकाशासारखी गोल अशा दोन वड्या केल्या, आणि राज्य त्याला मिळाले. ही कथा सांगणाऱ्या देशाला तांदळाचे मोल काय ते पक्के ठाऊक होते. आणि ज्याने भात पिकवला त्याच्याच हातांना राज्य मिळावे, ही त्याची इच्छाही त्यात दिसते.

कथेत राज्य मिळाले. प्रत्यक्षात काय झाले ते गेल्या शतकाने दाखवले. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ हिंदुस्थानात येणे बंद झाले. १९४३ साली बंगालात लाखो माणसे अन्नावाचून मेली. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत शिधावाटप सुरू झाले. शिधापत्रिकेवर तांदूळ मापून मिळू लागला आणि तो जुना की नवा हे विचारण्याची सोय उरली नाही. त्या काळातल्या गृहिणींनी मिळेल त्या तांदळाचे अनारसे केले, रव्याचे केले, किंवा केलेच नाहीत. तिकडे व्हिएतनामच्या उत्तर भागात जपानी आणि फ्रेंच सत्तांनी शेतकऱ्यांचे भात सक्तीने उचलले, भाताच्या जमिनीत तागाची लागवड करायला लावली, आणि १९४५ च्या तेत सणाच्या सुमारास गावेच्या गावे उपाशी होती. मृतांचा आकडा वीस लाखांपर्यंत सांगितला जातो. ज्या घरांत त्या वर्षी हंडा चढला नाही त्यांची गणती कोणी केलेली नाही.

आणि १९४५ हेच साल आमच्याही जिल्ह्याच्या इतिहासात आहे. जानेवारी १९४५ मध्ये कल्याणच्या शेजारी टिटवाळ्याला, जेथे आपण गणपतीच्या दर्शनाला जातो तेथेच, महाराष्ट्रातल्या किसान सभेची परिषद भरली. तिला डोंगरातून काही वारली आले होते. त्यांनी तेथे प्रथमच भर सभेत आपली वेठ सांगितली: मालकाकडे फुकट राबायचे, आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने आयुष्यभर ‘लग्नगडी’ म्हणून गहाण राहायचे. त्यातून गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली तलासरी-डहाणूकडे लढा उभा राहिला. वेठ आणि लग्नगडी बंद झाले पाहिजेत, मजुरी रोख मिळाली पाहिजे. ऑक्टोबरात, दिवाळीला महिनाही उरला नव्हता तेव्हा, तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक ज्यांनी वाचले आहे त्यांना ही हकिकत माहीत आहे. लढा हटला नाही, वेठ गेली. १९४८ साली कुळकायदा झाला, आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’ ठरला. त्या दिवशी कायद्याने कूळ जमिनीचे मालक झाले. कागदावरचे सारे शेतात उतरले असे नाही. डोंगरात तर पुष्कळ कमी उतरले. तरी कितीतरी घरांच्या कणगीत त्यानंतर पहिल्यांदा दिवाळीपर्यंत तांदूळ टिकला. गड सर झाल्याची तोफ होते. कणगीत धान्य उरल्याची कोणी तोफ करीत नाही. माझ्या मते ती व्हायला हवी होती.

त्यानंतरचा तांदळाचा इतिहास आपल्या डोळ्यांसमोरचा. १९१९ पासून भातावर संशोधन करणाऱ्या कर्जतच्या केंद्राने अधिक उताऱ्याचे वाण दिले. १९६५-६६ च्या टंचाईत अमेरिकेचा मिलो खाणारी पिढी अजून आपल्यात आहे. आता टंचाईची आठवण पुसट झाली. वाड्याच्या कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याच्या नावाची पोती डोंबिवलीच्या दुकानांत दिमाखाने उभी आहेत. शेते मात्र इमारतींखाली गेली. डोंबिवलीच्या ज्या खाडीकाठच्या जमिनीत आगरी शेतकरी बांध घालून खाऱ्या पाण्यातून भात काढीत, तेथे आज सात-सात मजल्यांवर आकाशकंदील लागतात.

आज अनारशाला जुना तांदूळ हवा असेल तर तो दुकानात मिळतो. मिळत नाहीत ते तीन दिवस. सकाळची गर्दीची गाडी पकडून मुंबईला जाणाऱ्या बाईने रोज पाणी कधी बदलावे, सावली कोठे शोधावी, कापड कोठे पसरावे? शिल्लक तांदळाची जागा आता शिल्लक वेळाने घेतली आहे. ज्याच्या घरी तो उरतो त्याच्या घरी अनारसा होतो. म्हणून पुष्कळ घरे तयार पीठ आणतात आणि थोडे चोरट्यासारखे सांगतात, “यंदा पीठ विकतचं आहे हं.” मला त्यात लाजण्यासारखे काही दिसत नाही. ते पीठ पूर्वीही सगळ्याच घरचे नव्हते. ते कांडपिणीच्या हातचे होते. फरक एवढाच की आज बचतगटाच्या बाया पाकिटावर भाव छापतात आणि तो आपल्याला द्यावा लागतो. कण्यांवर भागत नाही.

तरी घरी करण्याचे म्हणून काही सुख आहे, ते मी नाकारणार नाही. आमच्या शाळेत मी आता निबंधाच्या विषयात एक ओळ वाढवली आहे: ‘फराळातला एखादा पदार्थ कोणी, कसा केला ते विचारून लिहा.’ मुलगेही लिहितात. एकाने लिहिले, ‘तांदळाचे पाणी बाबा बदलतात कारण आईची गाडी लवकर असते.’ ते वाचून मला फार बरे वाटले. तीन दिवसांचे पाणी तीन माणसांनी बदलले तर अनारसा कोणाच्या डोईजड होत नाही.

आणि यंदा आणखी एक करून पाहण्यासारखे आहे. दिवाळीआधीच्या आठवडी बाजारात मुरबाड-शहापूरकडच्या बाया तवशी, करांदे, चवळीच्या शेंगा घेऊन बसतात. एक जून तवसे घ्यावे. नव्या तांदळाचे पीठ मिळाले तर उत्तम. किसाला सुटलेल्या पाण्यातच ते कालवावे, गूळ आणि चिमूटभर मीठ घालावे, केळीच्या पानात बांधून वीसपंचवीस मिनिटे वाफवावे. सोपे आहे, हसण्याची भीती नाही. फराळाच्या ताटात अनारशाशेजारी त्याला जागा करावी. आणि ते तवसे विकणाऱ्या बाईशी भाव करताना जरा हात आखडता घेऊ नये. तिच्याही घरी सण आहे.